बहुरंगी, प्रक्रियाविरहित रत्ने घेताना या चुका टाळा

रत्नागिरी हे नाव ऐकून आपल्या किनाऱ्यावर रत्ने सापडत असावीत, असा समज पाहुण्यांचाच नव्हे, तर आपल्यातील काही जणांचाही असतो. प्रत्यक्षात आपल्याकडे जांभा आहे, रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज आहे, कासार्ड्याला सिलिका वाळू आणि रेडीला लोहखनिज आहे. सावंतवाडीच्या किंवा चिपळूणच्या सराफाकडे दिसणारा रंगीत खडा बहुधा श्रीलंका, म्यानमार किंवा आफ्रिकेतील खाणीतून निघून जयपूर, खंभात किंवा मुंबईच्या बाजारातून चार-पाच हातांनी इथवर आलेला असतो. खडा आपल्यापर्यंत पोहोचतो, पण वाटेत त्याच्यावर काय काय केले गेले ही माहिती गळून पडते. आणि खाली सांगितलेल्या बहुतेक चुका या एका उणिवेतूनच होतात.

‘नैसर्गिक’ आणि ‘प्रक्रिया न केलेला’ हे शब्द एकाच अर्थाचे समजणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. ‘खडा ओरिजिनल आहे’ असे दुकानदार म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत असतोच असे नाही, कारण जमिनीतून निघालेला नीलम भट्टीत हजार अंशांहून अधिक तापवून त्याचा रंग खुलवला, तरी तो नैसर्गिकच राहतो. म्हणून प्रश्न नेमके विचारावेत: खडा तापवला आहे का, त्याला किरणोत्सर्ग दिला आहे का, त्यात रंग, तेल, राळ किंवा काच भरली आहे का, त्यावर पातळ लेप चढवला आहे का? उत्तर तोंडी न घेता बिलावर लिहून घ्यावे. हॉलमार्कवर विसंबून राहू नये. तो सोन्याची शुद्धता सांगतो, कोंदणातील खड्याविषयी काहीही सांगत नाही.

दुसरी चूक म्हणजे सर्व रत्नांना एकच कसोटी लावणे. स्पिनेल आणि गार्नेट यांवर प्रक्रिया क्वचितच होते, तर निळा झिरकॉन आणि टांझानाइट जवळजवळ नेहमी तापवलेले असतात आणि बाजारातील बराचसा सिट्रीन म्हणजे तापवलेला अ‍ॅमेथिस्ट असतो. त्यामुळे ‘प्रक्रियाविरहित’ असा आग्रह धरणाऱ्या नवख्या संग्राहकाने सुरुवात स्पिनेल आणि गार्नेटपासून करावी, असे माझे मत आहे. दोन्हींत इतक्या छटा मिळतात की बहुरंगी हार केवळ त्यांतून गुंफता येतो. स्पिनेलला आपल्याकडे अजूनही दुय्यम मानतात, हे खटकते. रत्नागिरीच्या थिबा पॅलेसमध्ये १९१६ साली ज्याचे निधन झाले त्या थिबा राजाच्या ब्रह्मदेशातील मोगोक हे खाणींचे गाव माणकांइतकेच स्पिनेलसाठीही प्रसिद्ध आहे, आणि इंग्लंडच्या राजमुकुटातील ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ हे वस्तुतः स्पिनेलच आहे.

बहुरंगी म्हटले की तुरमली (टूर्मलीन) आठवते: एका टोकाला हिरवी, दुसऱ्याला गुलाबी, किंवा कलिंगडाच्या फोडीसारखी आत गुलाबी आणि बाहेर हिरवी. येथे मात्र अडचण आहे. नीलम किंवा माणिक तापवल्यास आतील सुईसारखे सूक्ष्म कण विरघळतात आणि तज्ज्ञाला ते पुष्कळदा ओळखता येते; तुरमलीला मंद उष्णता किंवा किरणोत्सर्ग दिलेला असल्यास अनेकदा प्रयोगशाळेलाही छडा लागत नाही. त्यामुळे कोणी ‘शंभर टक्के न तापवलेली तुरमली’ म्हणून दुप्पट भाव मागत असेल, तर तो कशाच्या आधारावर मागतो हे विचारावे. नीलमाच्या बाबतीत निराळी दक्षता हवी. भट्टीत बेरिलियम हे मूलद्रव्य आत शिरवून रंग बदललेले नीलम २००२च्या सुमारास उघडकीस आले, आणि ते ओळखण्यासाठी अनेकदा विशेष यंत्रणा लागते, म्हणून महागड्या खड्याचा अहवाल कोणत्या प्रयोगशाळेचा आहे याला महत्त्व येते.

अहवाल वाचतानाही घाई होते. ‘उष्णता दिल्याची खूण आढळली नाही’ या वाक्याचा अर्थ तेवढाच घ्यावा; खडा तापवलेलाच नाही, याची ती हमी नव्हे. अहवालातील वजन व मापे हातातील खड्याशी जुळवून पाहावीत. वजन कॅरटमध्येच विचारावे, कारण एक कॅरट म्हणजे नेमके २०० मिलिग्रॅम, तर रत्तीचे वजन प्रत्येक बाजारात सारखे धरले जात नाही.

माळा घेताना मी स्वतः फसलो आहे. मालवणला एका विक्रेत्याकडून सप्तरंगी अकीकाची म्हणून माळ घेतली, त्यातील एक मणी तपासून घेतला, तो खरा निघाला. पुढच्या पावसाळ्यात घामाने आणि दमट हवेने गुलाबी मण्यांचा रंग कॉलरवर उतरला. मणी अकीकाचेच होते, फक्त रंगवलेले होते. आणि तपासलेला मणी विक्रेत्याने स्वतः निवडून दिला होता. आता मी चार-पाच मणी माझ्या हाताने, वेगवेगळ्या रंगांतून निवडतो आणि ओल्या पांढऱ्या कापसाने घासून पाहतो. दोन थर चिकटवून जोडलेला खडा ओळखण्यासाठी तो पांढऱ्या बशीतील पाण्यात ठेवून बाजूने भिंगातून पाहावा. दोन थरांमधील सांधा किंवा चिकटवणीतील बुडबुडे बरेचदा दिसतात. ओपल आणि फिरोजा मात्र पाण्यात बुडवू नयेत.

रंग पाहण्याची वेळही चुकते. दुकानातील पिवळ्या दिव्याखाली लाल-नारिंगी खडे उजळतात, तर आषाढातील ढगाळ प्रकाशात निळे-हिरवे अधिक खुलतात. निवड पक्की करण्यापूर्वी खडा दोन्ही ठिकाणी पाहावा.

संग्रहाचा खडा आणि दागिन्याचा खडा यांची गल्लत करू नये. पट्टेदार फ्लोराइट काचेच्या कपाटात अप्रतिम दिसतो, पण त्याची कठीणता १ ते १० च्या मोह्स मापावर केवळ ४ असते आणि तो चार दिशांना सहज दुभंगतो. किनाऱ्यावरच्या वाळूतील क्वार्ट्झची कठीणता ७ असल्याने अशी अंगठी समुद्रावर घालून गेल्यास काही दिवसांतच चरे पडतात. जळगाव-नाशिककडील अपोफिलाइटचेही तसेच. दुरंगी तुरमलीत दोन रंगांच्या सीमेवर ताण असू शकतो, म्हणून अशा खड्याला कडा घट्ट दाबणारे कोंदण देऊ नये.

दुरुस्तीनंतर माणिक अचानक धुरकट दिसू लागले, पृष्ठभागावर जाळी उमटली, तर त्यात शिसेयुक्त काच भरलेली असण्याची शक्यता मोठी आहे. सोनाराच्या फुंकणीची आच, दागिना उजळण्याचे आम्ल, इतकेच काय, घरी वापरलेला लिंबाचा रसही ही काच खातो. आपल्याकडे चांदी चिंचेने घासण्याची सवय आहे. खडा बसवलेल्या दागिन्यावर ती वापरू नये, कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. सोनाराकडे दागिना देताना आपल्याला माहीत असलेली प्रक्रिया चिठ्ठीवर लिहून द्यावी, आणि माहीत नसेल तर आच देण्यापूर्वी खडा कोंदणातून काढावा, असे आधीच सांगून ठेवावे.