छाटणी तोंडावर येण्याआधी जुन्या चेनसॉचा निकाल लावा

छाटणीला अजून महिनाभर आहे तोवर जुना चेनसॉ खाली काढा आणि स्टार्टरची दोरी एकदा ओढून बघा. ऐन हंगामात मशीन अडलं की घाईघाईत दोनपैकी एक चूक हमखास होते. चांगलं मशीन भंगारात जातं, नाहीतर दम संपलेल्या इंजिनावर पैसे घातले जातात. मशीन किती वर्षांचं आहे यावर काही ठरत नाही. नीट वापरलेलं जुनं मशीन वर्षानुवर्षं चालतं, आणि ऑइल न घालता नुसतं पेट्रोल भरलं तर कोरं करकरीत मशीनही थोड्याच वेळात जाम होतं.

सुरू न होणं हे बहुतेक वेळा पेट्रोलचं दुखणं असतं. गेल्या हंगामातलं पेट्रोल टाकीत तसंच राहिलं की त्यातलं इथेनॉल ओल धरतं, कार्बोरेटरमधला पातळ पडदा कडक होतो, टाकीतली रबरी नळी तडकते. टाकी रिकामी करून ताजं मिश्रण भरा. बऱ्याच मशीनला १ लिटर पेट्रोलमागे २० मिली टू-स्ट्रोक ऑइल लागतं, काही जुन्यांना ४० मिली; मशीनसोबतच्या पुस्तिकेत असेल ते प्रमाण. टाकीतला फिल्टर, नळी आणि ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग बदला, एअर फिल्टर साफ करा. सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती काजळीने बुजली की मशीन दमल्यासारखं चालतं आणि आपण इंजिनाला दोष देतो. ब्रशने घासली की पुन्हा जोर येतो. एवढ्यावर मशीन सुरू झालं तर नव्याचा विषयच काढू नका.

झालं नाही तर इंजिनाचा दम बघा. प्लगची टोपी काढून ठेवा, मगच पुढचं. स्टार्टरच्या मुठीला धरून मशीन हवेत लोंबकळू द्या. ते हिसके खात, थांबत थांबत खाली आलं तर सिलिंडरमध्ये दाब आहे. दोरीवरून सरळ घसरत आलं तर दाब गेला. हा झाला ढोबळ अंदाज. मेकॅनिककडे दाब मोजायचा गेज असतो. १२० पीएसआयच्या (दाबाचं एकक) वर आकडा आला तर इंजिन साधारण धड आहे. ९०च्या खाली असेल तर काळजीचं.

आता खरी तपासणी. मशीन गार असताना सायलेन्सरचे बोल्ट सोडून तो बाजूला करा आणि त्या भोकातून टॉर्च मारून आत बघा. दोरी सावकाश ओढत पिस्टन वर-खाली करा. धड पिस्टन राखाडी, गुळगुळीत दिसतो, रिंगेची कड स्वच्छ दिसते. बिघडलेल्यावर उभे ओरखडे असतात, मांजराने नखं ओढल्यासारखे, आणि कुठे कुठे ॲल्युमिनियम फासलेलं दिसतं. हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते केल्याशिवाय मोठ्या खर्चाला होकार देऊ नका.

ओरखडे दिसले तर लगेच पिस्टन मागवायला धावू नका. ते कशाने पडले, ते आधी शोधायचं. ऑइल कमी पडलं होतं, की कुठून हवा ओढली जात होती? मी एकदा नुसता पिस्टन-सिलिंडर बदलला. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला रबरी बूट तडकला होता, तो तसाच राहिला. तिथून जादा हवा आत जात राहिली, मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल-ऑइल कमी पडलं, आणि नवा पिस्टनही त्याच हंगामात गेला. कार्बोरेटर जुळवूनही मशीन आपोआप रेस होत असेल, तर बूट आणि क्रँकचे (इंजिनाच्या फिरत्या दांड्याचे) सील हमखास तपासून घ्या.

चेन, बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) झिजणारच. तो खर्च नव्या मशीनलाही पुढे येतोच. ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडला तर चेनला कानस हवी. दात ४ मिमीपेक्षा कमी उरले असतील तर चेन बदला. काप एका बाजूला वळत असेल तर दातांची लांबी सारखी आहे का आणि बारच्या कडा समपातळीत आहेत का, हे बघा.

चेन थांबवणाऱ्या ब्रेकच्या बाबतीत मात्र मी तडजोड करत नाही. मशीन जमिनीवर टेकवून, नीट धरून, क्षणभर पूर्ण रेस द्या आणि पुढच्या मुठीसमोरचा गार्ड पुढे ढकला. चेन तत्क्षणी थांबली पाहिजे. बिघडलेला ब्रेक दुरुस्त होतो. पण मुळात ब्रेकच नसलेलं जुनं मशीन असेल, तर इंजिन कितीही गोड वाजो, ते वापरातून काढा. बार झाडात अडकून उलटा उसळला तर सावरायला वेळच मिळत नाही.

हिशेब असा घाला: कारणासकट पूर्ण दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या मशीनच्या निम्म्यावर जात असेल, तर नवं घ्या. सुटे भाग मिळतच नसतील तर हिशेबाचीही गरज नाही. वर्षातून चार दिवस फांद्याच कापायच्या असतील तर बॅटरीचं छोटं मशीन बघा, शिळ्या पेट्रोलची कटकटच उरत नाही.

जुन्याचा कार्बोरेटर, कॉइल आणि स्टार्टर काढून ठेवा, त्याच मॉडेलचं दुसरं मशीन असेल तर उपयोगी पडतात. बिनब्रेकचं मशीन मात्र ‘चालतंय की’ म्हणून कुणाला देऊन टाकू नका. चेन आणि बार काढून घ्या, मगच ते भंगारात घाला.