अ‍ॅटॉपिक डर्माटायटिसचं निदान करताना या चुका टाळा

मूल खाजवत आलं की केसपेपरवर ‘अ‍ॅटॉपिक’ (म्हणजे अ‍ॅलर्जीच्या प्रवृत्तीतून येणारं इसब, एक्झिमा) लिहून मोकळं व्हायची घाई होते. त्याआधी बाळाला घेऊन आलेल्या आईचे हात बघा. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर बारीक पुरळ दिसली आणि रात्री घरातले सगळेच खाजवत असतील, तर ती खरूज. बाळांना खरजेचे दाणे तळहात-तळपायांवरही येतात.

आयजीईच्या (अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंडाच्या रक्ततपासणीच्या) रिपोर्टवर विसंबणं ही दुसरी चूक. जंतांनीही आयजीई वाढतो, आणि अ‍ॅटॉपिकच्या कित्येक रुग्णांत तो नॉर्मलच असतो. निदान विचारपूस करून आणि कातडी बघूनच होतं. ओपीडीत मला १९९४चे ब्रिटिश निकष सोयीचे वाटतात. गेल्या वर्षभरात खाज असलीच पाहिजे. शिवाय पाचपैकी किमान तीन गोष्टी हव्यात: कोपराच्या लवणीत किंवा गुडघ्यामागे पूर्वी झालेला त्रास, आज तिथे दिसणारे चट्टे, सर्वांगाला कोरडेपणा, दमा किंवा नाकाची अ‍ॅलर्जी, आणि दोन वर्षांच्या आत सुरुवात. चार वर्षांखालच्या मुलाला ‘दोन वर्षांच्या आत सुरुवात’ हा निकष लावत नाहीत. त्याच्या बाबतीत दमा-अ‍ॅलर्जी आईवडील-भावंडांत असली तरी चालते.

तान्ह्या बाळाचे गाल आणि हातापायांची बाहेरची बाजू बिघडते. लंगोटाखालचा भाग बहुधा स्वच्छ राहतो. आणि आपल्या सावळ्या कातडीवर पुस्तकातली लाली शोधत बसू नका. चट्टा जांभळट किंवा राखाडी दिसतो, बोट फिरवलं तर अंगावर काटा आल्यासारखं खरखरीत लागतं.

आता ट्यूबचं बघा. ‘घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून आणा,’ असं मी प्रत्येकाला सांगते. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेलं, स्टिरॉइड मिसळलेलं मलम त्यात हमखास निघतं. त्याने गजकर्णाची कड पुसट होते, गोल मोडतो आणि ते हुबेहूब एक्झिमासारखं दिसू लागतं. शंका आली की कडेचा कोंडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसते का बघा. काम काही मिनिटांचं आहे, कंटाळा मात्र सगळ्यांनाच येतो.

चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला ‘अ‍ॅटॉपिक’ मी तरी सहजी मान्य करत नाही. शेतकरी असेल, पापण्या, मान आणि कोपराच्या लवणी बिघडल्या असतील, तर गाजरगवताची अ‍ॅलर्जी मनात ठेवून पॅच टेस्ट (संशयित पदार्थ पट्टीने कातडीवर चिकटवून केलेली चाचणी) करा. कपड्यांखाली झाकलेल्या भागावर औषधाला दाद न देणारे चट्टे असतील तर बायोप्सी घ्या. त्वचेचा लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) सुरुवातीला असाच दिसतो.