अमेरिकेतल्या छोट्या शहराची लोकसंख्या अन् नकाशा कसा वाचायचा

छोट्या अमेरिकन शहराची माहिती शोधताना बहुतेक जण सर्चमध्ये दिसलेला पहिला आकडा उचलतात आणि मोकळे होतात. पण तो आकडा कुठल्या वर्षाचा, नुसत्या शहराचा की अख्ख्या काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा भाग), हे कळल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

उदाहरणाला इलिनॉयमधलं कैरो घेऊ. आधी राज्य आणि काउंटी पक्की करा, कारण जॉर्जियातही एक कैरो आहे आणि घाईत तिथलाच आकडा उचलला जातो. आपलं कैरो अलेक्झांडर काउंटीत, राज्याच्या पार दक्षिण टोकाला.

मग आकडे बाजूला ठेवून सरळ नकाशा उघडा, सॅटेलाइटवाला. एका बाजूने ओहायो नदी, दुसऱ्या बाजूने मिसिसिपी, आणि शहर मधल्या चिंचोळ्या जिभेवर, समोर एकीकडे केंटकी तर दुसरीकडे मिझुरी. शहराभोवती पूर अडवायचे बांध आहेत, त्यांना तिकडे लेव्ही म्हणतात. यूएसजीएसचे (अमेरिकी सरकारची भूगर्भ सर्वेक्षण संस्था) टोपो नकाशे, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारे नकाशे, फुकट मिळतात, त्यात बघा जमीन किती सखल आहे ते (उंची बऱ्याचदा फुटांत असते). 2011 च्या पुरात हे शहर वाचवायला लष्कराच्या इंजिनियर लोकांनी मिझुरीच्या बाजूचा बर्ड्स पॉइंटचा बांध स्फोट करून फोडला होता आणि तिकडची शेतं पाण्याखाली गेली, म्हणजे भूगोल किती अंगाशी येतो बघा.

आता लोकसंख्या. सेन्सस ब्युरोची (अमेरिकेचं जनगणना खातं) खरी मोजणी दर 10 वर्षांनी होते. एकच आकडा घेऊ नका, मालिका घ्या: 1920 ला 15,203, 2010 ला 2,831, 2020 ला 1,733. शेवटच्या दहा वर्षांतच जवळपास 39 टक्के घट! मग कारणं शोधायची. नदीवरची आणि रेल्वेची वाहतूक आटली, 1960-70 च्या दशकांत वर्णसंघर्ष पेटला, आणि 2017 मध्ये सरकारने दोन मोडकळीला आलेल्या सरकारी वसाहती बंद करून लोकांना हलवायचं ठरवलं. एवढ्याशा गावात दोन वसाहती रिकाम्या झाल्या की आकडा दाणकन पडणारच.

सेन्सस ब्युरोचं क्विकफॅक्ट्स नावाचं सोपं पान फक्त 5,000 आणि त्यावरच्या लोकसंख्येच्या गावांना मिळतं, म्हणून कैरोसाठी डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह वर जा आणि नाव राज्यासकट टाका. उत्पन्न, वय, शिक्षण वगैरे अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेत मिळेल, पण तो सॅम्पलवर चालतो. एका वर्षाचे अंदाज 65,000 च्या वरच्या ठिकाणांनाच, बाकीच्यांना 5 वर्षांचे एकत्र. बाजूला मार्जिन ऑफ एरर (आकडा किती वर-खाली असू शकतो ते) दिलेला असतो तो प्लीज वाचा, छोट्या गावात तो इतका मोठा असतो की "उत्पन्न वाढलं" म्हणण्यात काही दम राहत नाही.

काही गोष्टी पटकन सांगतो. नावापुढे सीडीपी (सेन्सस डेझिग्नेटेड प्लेस) लिहिलं असेल तर ते अधिकृत शहरच नाही, तिथे मेयर-कौन्सिल नसतं, सेन्ससने फक्त मोजणीसाठी हद्द आखलेली असते. घनता काढताना पाण्याचं क्षेत्रफळ सोडून फक्त जमीन घ्या, आणि 1 चौरस मैल म्हणजे साधारण 2.59 चौरस किलोमीटर. गावात तुरुंग किंवा कॉलेजचं हॉस्टेल असेल तर तिथली माणसं तिथेच मोजली जातात, त्यामुळे पुरुषांचं प्रमाण किंवा सरासरी वय विचित्र दिसलं तर ग्रुप क्वार्टर्सचा (तुरुंग, हॉस्टेल अशा सामूहिक निवासांचा) तक्ता उघडा. आणि 2020 च्या सेन्ससमध्ये वंश आणि हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषिक देशांतलं मूळ असणं) हे दोन वेगळे प्रश्न होते, त्यामुळे दोन्हीचे टक्के एकत्र करून 100 च्या वर गेले म्हणून डेटा चुकलाय असं समजू नका.