जुनी लोगन-व्हेरिटो डिझेल कमी खर्चात टिकवायचीय? या चुका टाळा

माझी लोगन २००९ ची आहे, १.५ डीसीआय डीएलएस म्हणजे डिझेल मॉडेल, मीटरवर २ लाख ३८ हजार झालेत आणि अजूनही नाशिक-पुणे आरामात करते. तीन वर्षांपूर्वी मात्र हीच गाडी मी विकायला काढली होती. सकाळी गार असताना एका सेल्फमध्ये सुरू व्हायची आणि संगमनेरला चहाला थांबलो की परत सुरूच व्हायची नाही, अर्धा तास बॉनेट उघडून ठेवलं की काही झालंच नाही अशी सुरू. एका गॅरेजने सांगितलं चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) गेले, दुसऱ्याने सांगितलं हाय प्रेशर पंप गेला, आणि दोघांचा आकडा जवळजवळ गाडीच्या किमतीएवढा. शेवटी निघालं काय, तर क्रँक सेन्सर. फ्लायव्हीलजवळ बसवलेला छोटासा सेन्सर असतो, तो गरम झाला की सिग्नल द्यायचं बंद करायचा, मग इंजिन फिरतंय हेच ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळत नाही आणि तो डिझेल सोडत नाही. अर्ध्या तासाचं काम होतं ते.

ही गाडी महाग पडते असं जे म्हणतात ना, त्यातला बराचसा खर्च गाडीचा नसतो, तो न तपासता पार्ट बदलण्याचा असतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लोगन २००७ साली महिंद्रा-रेनोची म्हणून आली, नाशिकलाच बनायची. २०१० मध्ये रेनो बाजूला झाली आणि २०११ पासून तीच गाडी महिंद्रा व्हेरिटो नावाने विकली गेली. डिझेलमधलं इंजिन रेनोचं के-नाइन-के, १४६१ सीसी, ६५ पीएस. म्हणजे बिल्ला कुठलाही असो, बॉनेटखाली इंजिन फ्रेंचच.

पहिली चूक, स्पेअर मिळत नाही म्हणून हात टेकणे

दुकानात जाऊन "लोगनचा अमुक पार्ट आहे का" विचारलं की दुकानदार मान हलवतो आणि आपण हताश होऊन परत येतो. असं विचारूच नका. याच १.५ डिझेल इंजिनाचं खानदान डस्टर, लॉजी, स्काला, पल्स, निसान सनी, मायक्रा, टेरानो या सगळ्या डिझेल गाड्यांत आहे. पार्ट नंबर घेऊन जा, शक्य असेल तर जुना पार्टच काढून सोबत न्या. फिल्टर, बेल्ट, सेन्सर अशा बऱ्याच गोष्टी त्या गाड्यांच्या नावाने सापडतात. मात्र इंजेक्टर, पंप आणि टर्बो "सेमच आहे हो" म्हणून कुणी दिला तर घेऊ नका, कारण ८५ आणि ११० पीएसवाल्यांत फरक आहेत, तिथे नंबर जुळलाच पाहिजे. पार्ट शोधायला पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस आणि स्क्रॅपसाठी कुर्ला. लोगन-व्हेरिटो टॅक्सीत भरपूर चालल्यात त्यामुळे दरवाजे, काचा, लाइट, सीट असलं सामान सेकंडहँड मिळतं. (कल्याणला बनणारी प्यूजो ३०९ ज्यांनी नव्वदच्या दशकात घेतली त्यांचे हाल आठवा, कंपनीच बंद पडली आणि मागे इंजिन शेअर करणारी गाडीही फारशी नव्हती. त्या मानाने आपण खूप सुखी आहोत.)

टायमिंग बेल्ट, इथे अजिबात काटकसर नको

व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ ठेवायला या इंजिनात चेन नाही, बेल्ट आहे, आणि बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. म्हणजे हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) खोलायचं, व्हॉल्व्ह बदलायचे, नशीब वाईट असेल तर अजून काय काय. मी ८० हजार किलोमीटर किंवा ५ वर्षं यातलं जे आधी येईल ते धरतो. गाडी कमी चालते म्हणून बेल्ट चांगला असेल हा गैरसमज आहे, रबर उभ्या उभ्या पण म्हातारं होतं. जुनी गाडी घेतली आणि बेल्ट बदलल्याचं बिल नाही तर बदललेला नाही असंच समजा, विकणारा माणूस कितीही चांगला असला तरी.

यात तीन चुका मी सतत बघतो. एक, फक्त बेल्ट बदलायचा आणि बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर जुना ठेवायचा. दोन, वॉटर पंप तसाच सोडायचा. हा पंप त्याच बेल्टवर फिरतो, तो सहा महिन्यांनी गळायला लागला की सगळी मजुरी परत. तिसरी चूक सगळ्यात वाईट कारण ती कुणाच्या लक्षातच येत नाही, बाहेरचा अल्टरनेटरचा बेल्ट. तो जुना होऊन धागे सुटले की ते धागे क्रँक पुलीच्या मागून आत टायमिंग बेल्टमध्ये ओढले जातात आणि टायमिंग सरकतं. म्हणजे स्वस्तातल्या बेल्टपायी अख्खं हेड. तो बेल्ट चिरलेला दिसला की त्याच आठवड्यात बदला.

आणि मेकॅनिकला आधीच विचारा की टायमिंगच्या लॉकिंग पिना आहेत का. कॅमला एक आणि क्रँकला एक पिन लावून मग बेल्ट चढवायचा असतो. पांढऱ्या रंगाच्या खुणा मारून काम करणारे असतात, कधी बरोबर बसतंही, पण एक दात चुकला तर गाडी सुरू होते आणि खेचत नाही, मग तुम्ही टर्बो आणि इंजेक्टरवर पैसे घालत बसता.

ऑइल

युरोपात या इंजिनाचं नाव थोडं खराब झालं ते बिग एंडच्या बेअरिंग शेलमुळे (क्रँकला धरणारे पातळ बेअरिंग). तिकडे ऑइल बदलायचा इंटरव्हल ३० हजार किलोमीटरपर्यंत नेला होता आणि त्यात शेल झिजून इंजिनं गेली. आपल्याकडे धूळ, ट्रॅफिक, घाट, तेव्हा १० हजारच्या पुढे जाऊच नका, शहरातच जास्त चालत असेल तर त्याच्याही आधी. फिल्टर धरून साधारण साडेचार लिटर लागतं, ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलाय तोच घ्या, ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातलं उरलेलं नको.

लेव्हल जास्त झाली तरी चालेल हा विचार पण सोडा. जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या नळीतून इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा घेतं तिथे, जातं, आणि टर्बोचं सील गेलेलं असेल तर इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत सुटतं. चावी बंद केली तरी बंद होत नाही, आरपीएम वाढतच जातो, मागे पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट. असं झालंच तर घाबरून उतरून पळू नका. ब्रेक पूर्ण दाबा, चौथा किंवा पाचवा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. घरात जो कोणी ही गाडी चालवतो त्या प्रत्येकाला हे आधीच सांगून ठेवा.

अजून एक छोटी पण डोकेदुखीची गोष्ट. सम्पचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) ड्रेन प्लग नेहमीच्या षटकोनी डोक्याचा नाही, त्याला ८ एमएमचा चौकोनी खाचा आहे. चौकोनी की नसली की कोणीतरी ॲलन की नाहीतर स्क्रू ड्रायव्हर ठोकून खाचा गोल करून टाकतो, मग वेल्डिंग करून प्लग काढावा लागतो. ती चौकोनी की विकत घ्या आणि डिकीत ठेवा, सोबत टॉर्क्सचा (चांदणीच्या आकाराच्या बोल्टसाठीच्या पान्यांचा) एक सेट. या दोन गोष्टींनी माझ्या गाडीचे अर्धे बोल्ट वाचवलेत.

डिझेल सिस्टम

इथे जरा सावकाश वाचा, कारण सगळा मोठा पैसा इथेच जातो.

या ६५ पीएस इंजिनावर डेल्फी कंपनीची कॉमन रेल सिस्टम आहे, म्हणजे पंप एका सामाईक नळीत (रेल) प्रेशरने डिझेल भरतो आणि तिथून ते इंजेक्टरना जातं, आणि तिच्या हाय प्रेशर पंपाला वंगण म्हणजे फक्त डिझेल. त्यामुळे टाकी रिकामी होईपर्यंत गाडी चालवणे ही सगळ्यात महाग सवय. पंप कोरडा फिरला की आतलं धातू घासलं जातं, त्याचा बारीक चुरा रेलमध्ये आणि तिथून चारही इंजेक्टरमध्ये. मग नुसता पंप बदलून भागत नाही, टाकीपासून सगळं साफ करावं लागतं. पाव टाकीच्या खाली मी जाऊ देत नाही, घरचे चिडले तरी चालेल.

डिझेल फिल्टर बदलल्यावर सेल्फ मारत बसणे ही याचीच बहीण. बॉनेटखाली डिझेलच्या लाइनमध्ये रबराचा काळा फुगा असतो, तो कडक होईपर्यंत हाताने दाबायचा, सगळी एअर निघाली की मगच सेल्फ. आणि जुन्या इंजिनांसारखे इंजेक्टरचे पाइप ढिले करून एअर काढायला कोणी गेला तर त्याचा हात धरा. रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं, ती धार कातडीत घुसते, बोट कापायची वेळ येऊ शकते.

सकाळी सुरू व्हायला वेळ लागतोय, तर आधी काय बघायचं? पारदर्शक पाइपमध्ये बुडबुडे दिसतायत का ते. फिल्टरवरच्या प्लास्टिक क्लिप जुन्या होऊन तुटतात आणि रात्रभरात तिथून हवा घेते. मग बॅटरी, कारण सेल्फ हळू फिरला तर रेलमध्ये पुरेसं प्रेशरच बनत नाही. मग ग्लो प्लग (गार इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे), पण ते मुंबईत गेले तरी कळत नाही, निफाडच्या थंडीत लगेच कळतात. गार असताना ठीक आणि गरम झाल्यावर बंद असेल तर क्रँक सेन्सर, वर माझी गोष्ट सांगितलीच. स्टार्टिंग स्प्रे मारून गाडी सुरू करायची सवय लावू नका, गरम ग्लो प्लगवर तो स्प्रे म्हणजे आतल्या आत स्फोट.

इंजेक्टरवर संशय असेल तर बदलायच्या आधी लीक-ऑफ टेस्ट करून घ्या, म्हणजे कोणता इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडतो ते कळतं. चार नळ्या, चार सारख्या बाटल्या, प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक लावायची, थोडा वेळ इंजिन आयडलवर ठेवायचं. ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा खूप जास्त भरली तो दोषी. बरेचदा एकच खराब असतो आणि चारचं कोटेशन हातात येतं. इंजेक्टर रिपेअर होतात, चांगल्या पंप-नोझलवाल्याकडे टेस्ट बेंच असतो. फक्त एक लक्षात ठेवा, प्रत्येक इंजेक्टरवर १६ अक्षरं-आकड्यांचा कोड असतो आणि इंजेक्टर बदलला किंवा दुसऱ्या सिलिंडरला लावला तर तो कोड स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. हे न करता गाडी दिली तर ती घडघड करते, धूर मारते, आणि सगळे म्हणतात रिपेअर टिकत नाही. बेंचवरून नवीन कोड आला असेल तर तो लिहून घ्या, मी माझे चारही कोड आरसी बुकच्या पाकिटात ठेवलेत.

इंजिनातून फुस-फुस आवाज आणि इंजेक्टरच्या मुळाशी डांबरासारखा काळा थर दिसला तर बऱ्याचदा फक्त खालचा तांब्याचा वॉशर गेलेला असतो. लवकर बघितलं तर स्वस्तात सुटतं, वर्षभर चालवलं तर इंजेक्टर असा चिकटतो की काढताना तुटायची भीती.

पिकअप गेला म्हणजे टर्बो गेला असं नाही

काळा धूर आणि खेच नाही, तर आधी एअर फिल्टर, मग टर्बोचे होज हाताने चाचपून, कुठे चिरलाय का, क्लॅम्प ढिला आहे का, मग व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, मग ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा). शहरात फिरणाऱ्या गाडीचा ईजीआर काजळीने जाम होतोच, काढून साफ केला की गाडीत जीव येतो. टर्बो खरंच गेला असेल तर का गेला ते शोधल्याशिवाय नवा बसवू नका. ऑइलचा पाइप कार्बनने चोंदला असेल तर नवा टर्बोही काही दिवसांत त्याच वाटेने जाणार. पाइप सोबतच बदला.

डावीकडचा बूट

या गिअरबॉक्सची एक खासियत फार कमी जणांना माहीत असते. डाव्या ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) आतला बूट, म्हणजे रबरी कव्हर, थेट गिअरबॉक्सला बोल्टने बसतो आणि गिअर ऑइल तोच अडवून धरतो. इतर गाड्यांत बूट फाटला तर ग्रीस उडतं, इथे गिअरबॉक्स रिकामा होतो. खाली ऑइलचा डाग दिसला की "इंजिन गळतंय" म्हणून सोडून देऊ नका, जॅकवर घेऊन तो बूट बघा आणि बदलला की गिअर ऑइल नव्याने भरा.

सस्पेन्शनबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ते या गाडीचं सगळ्यात दणकट अंग आहे. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि इंजिन माउंटिंग, एवढं वेळेवर केलं की खड्ड्यांतही गाडी शांत राहते.

कागदपत्रं

१५ वर्षं झाली की रजिस्ट्रेशन नव्याने करावं लागतं. १ एप्रिल २०२२ ला कारसाठी ही फी ५,००० रुपये झाली, आधी ६०० होती, वर महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. मुदत संपायच्या आधीच अर्ज करा, उशीर झाला की महिन्यागणिक दंड चढतो. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवून घ्या, आणि इन्स्पेक्शनच्या आदल्या संध्याकाळी घरच्या कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक लाइट, रिव्हर्स लाइट, नंबर प्लेटचा दिवा आणि हँडब्रेक एकदा बघून घ्या. माझी गाडी इंजिनात सगळं ठीक असताना पहिल्या वेळी परत पाठवली ती नंबर प्लेटच्या दिव्यावरूनच.