काजूच्या बोंडाचा तुरटपणा कसा उतरवावा

काजूच्या बोंडाच्या रसात साखर कितीही घातली तरी घशाला तोठरा बसतोच, कारण तुरटपणा हा चवीपेक्षा स्पर्शाचा अनुभव अधिक आहे. आपल्या लाळेत प्रोलिन या अमिनो आम्लाने समृद्ध अशी प्रथिने असतात आणि तोंडातला ओलसर गुळगुळीतपणा टिकवण्यात त्यांचा वाटा असतो. बोंडातील टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना चिकटून त्यांचा साका करते, त्यामुळे वंगण नाहीसे होऊन जीभ खरखरीत होते. साखरेने गोडी वाढते, पण टॅनिन रसात तसेच राहते. म्हणून ते आधी कशाला तरी बांधून तळाशी बसवावे लागते, आणि पुढची कृती त्यासाठीच आहे.

हे टॅनिन प्रामुख्याने संघनित प्रकारचे असते. कॅटेचिन या वनस्पतिज द्रव्याच्या कुळातील अनेक रेणू एकाचा चौथा कार्बन दुसऱ्याच्या आठव्या कार्बनला जोडला जाऊन साखळीसारखे गुंफलेले असतात, आणि बोंडात या साखळ्या बऱ्याच लांब असतात. हिरड्यातील टॅनिनची घडण निराळी आहे: तिथे साखरेच्या रेणूला गॅलिक आम्लासारखी आम्ले एस्टर बंधाने जोडलेली असतात आणि पाणी व आम्लाच्या किंवा विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने तो बंध सुटतो. कार्बन-कार्बन बंध मात्र रसाच्या नैसर्गिक आंबटपणाने सुटत नाही. तो तोडायला तीव्र आम्ल आणि उष्णता लागते, आणि तेव्हा साखळीतून लाल रंगाची अँथोसायनिडिन द्रव्ये बाहेर पडतात. प्रयोगशाळेत ब्युटेनॉल व हायड्रोक्लोरिक आम्लात नमुना तापवून हाच लाल रंग मोजला जातो. घरी हा प्रयोग मुळीच करू नये. त्यातून घ्यायचा बोध एवढाच की रस नुसता उकळत ठेवून टॅनिन मोडत नाही, क जीवनसत्त्व मात्र कमी होते, आणि बोंडाची खरी श्रीमंती तर त्या जीवनसत्त्वातच आहे.

झाडावरून आपोआप गळलेली, पूर्ण पिकलेली, न फुटलेली बोंडे त्याच दिवशी वापरावीत, कारण ती फार लवकर आंबतात. बी पिरगळून हलकेच वेगळी करावी. कच्च्या बीच्या टरफलातील तेलाने कातडी भाजते, म्हणून ती फोडू नये आणि तिचा चीक रसात जाऊ देऊ नये. बोंडे धुऊन दहा मिनिटे वाफवून घ्यावीत, म्हणजे पुढे घशाला होणारी खवखव कमी होते. मग स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात रस पिळून तो स्वच्छ फडक्यातून गाळावा. लोखंडी विळी, कढई किंवा भांडे वापरू नये, कारण टॅनिन लोहाशी संयोग पावून रस काळपट करते. अन्नातील लोहालाही ते असेच धरून ठेवते, म्हणून लोहाची गोळी घेणाऱ्यांनी ती या रसाबरोबर घेऊ नये.

आता मुख्य काम. एक लिटर रसासाठी 5 ग्रॅम साबुदाणा दळून थोड्या पाण्यात शिजवावा, त्याची पारदर्शक खळ झाली की थंड करावी आणि रसात एकजीव ढवळून भांडे फ्रीजमध्ये न हलवता ठेवावे. खळीतील स्टार्चच्या लांब साखळ्या टॅनिनला धरतात, त्याचे पुंजके होतात आणि ते हळूहळू तळाशी बसतात. वरचा निवळ रस अलगद ओतून घ्यावा. गाळ ढवळला गेला तर केलेले काम वाया जाते, म्हणून इथे घाई करू नये. भाताची निवळ पेजही याच कामी येते, मात्र ती बेताने घालावी, नाहीतर रस पांचट होतो.

जिलेटिन हे प्रथिन असल्याने टॅनिनला अधिक जोमाने धरते, परंतु ते प्राणिज आहे आणि शाकाहारी घरात चालणार नाही. दुधातील केसीन हे प्रथिनही टॅनिनला धरते, तरीही रसात दूध घालण्याचा मोह टाळावा. रस आंबट असल्याने ते फाटते.

टॅनिन किती उरले हे पाहायचे असेल तर निवळलेला रस दोन चमचे पेल्यात घेऊन त्यात कोमट पाण्यात विरघळवलेल्या जिलेटिनचे काही थेंब टाकावेत. दाट गढूळपणा आला तर टॅनिन अजून भरपूर आहे आणि खळीची दुसरी फेरी द्यावी. रस जवळजवळ निवळ राहिला तर थांबावे. माझ्या मते मात्र थोडासा गढूळपणा येईल इतके टॅनिन राहू द्यावे, कारण ते पूर्ण काढलेल्या रसाला बोंडाची ओळखच राहत नाही. साखर आणि चिमूटभर मीठ या टप्प्यानंतरच, चव घेत घेत घालावे.