कुंपणाच्या रंगाला आधी एक पावसाळा दाखवा

गुहागरला आमच्या आगराच्या समुद्राकडच्या अंगाला चाळीस फूट लाकडी कुंपण आहे. बाकी तिन्ही बाजूंना जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी बांध. गडग्याला रंगही लागत नाही नि वाळवीही. लाकडी कुंपण मी हौसेनं घातलं, हौसेनंच पहिल्यांदा रंगवलं, आणि तेही गणपतीच्या तोंडावर. श्रावणात चार-पाच दिवस उघडीप मिळाली, मुंबईची मंडळी यायची होती, म्हणून पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन हात घाईघाईनं मारून घेतले. गणपतीत सगळ्यांनी वाखाणणी केली. दिवाळीला तीच मंडळी गप्पा मारता मारता नखानं पापुद्रे सोलत बसली होती. पुढे जे काही शिकलो त्याची ही यादी. एक अट मात्र आधीच सांगतो: कुंपण दिवाळीनंतर रंगवायचं असेल तर तयारी मे महिन्यात सुरू करायची.

मे महिन्यात रंग आणायचा, पण छोटे डबे, नमुन्यापुरते. दुकानातलं शेड कार्ड घरात बसून बघायला ठीक आहे. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, त्यात खारा वारा, त्यावर एप्रिलचं ऊन, ह्यातलं काहीच त्या कार्डाला ठाऊक नसतं. म्हणून कुंपणाच्याच लाकडाचे दीड-दीड फुटाचे तुकडे कापून घ्या. ‘त्याच लाकडाचे’ हे महत्त्वाचं. आमचे खांब ऐनाचे आणि पट्ट्या किंजळाच्या आहेत, दोन्हींवर एकच रंग वेगळा वागतो. सुतार कोपऱ्यात पडलेला प्लायवूडचा तुकडा देऊ करेल, तो घेऊ नका. तुकडे जुन्या पट्टीचे मिळाले तर फारच उत्तम, कारण नव्या रंधलेल्या फळीवर कुठलाही रंग शहाण्यासारखा बसतो.

प्रत्येक तुकड्यावर खिळ्यानं आकडा कोरा. पेनानं लिहिलेलं जुलैपर्यंत टिकत नाही, मी लिहून बघितलंय. प्रत्येकात एक स्क्रू पिळा, कारण रंग फुटतो तो नेहमी भोकापाशी. एक तुकडा कोराच ठेवा, तुलनेसाठी. मी पाच प्रकार लावले होते: लाकडाचा प्रायमर आणि त्यावर ऑइल पेंट, बाहेरच्या कामासाठीचा पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक, लाकडात मुरणारा वुड स्टेन, पारदर्शक व्हार्निश, आणि काजूच्या टरफलांचं तेल. एक इशारा: पुष्कळ रंगारी लाकडालाही रेड ऑक्साइडचं अस्तर मारतात. ते लोखंडाला गंज चढू नये म्हणून असतं, लाकडाला त्याचा उपयोग नाही. लाकडाचा प्रायमर वेगळा येतो, पांढरा किंवा गुलाबी.

लावताना अर्ध्या तुकड्यांची कापलेली टोकं रंगात बुडवा, अर्ध्यांची उघडी ठेवा. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः टोकानं. झाडाच्या देहात पाणी वर चढवणाऱ्या नळ्या तिथं उघड्या पडलेल्या असतात, नि लाकूड मेलं तरी त्या नळ्या पाणी ओढायचं सोडत नाहीत. हा फरक डोळ्यांनी बघितल्यावर पट्टीचं टोक रंगवायला रंगाऱ्याला सांगावं लागत नाही, आपणच हातात ब्रश घेतो.

मृग लागायच्या आत तुकडे बाहेर टांगा, आणि दोन जागी. एक संच पश्चिमेला, समुद्राकडे तोंड करून, जिथं ऊन, पाऊस आणि मीठ तिन्ही मिळतं. दुसरा फणसाच्या सावलीत, जिथं ऊन नाही पण शेवाळ आहे. पहिला संच रंगाचा टिकाऊपणा सांगेल, दुसरा शेवाळ-बुरशीचं सांगेल. मग सप्टेंबरपर्यंत विसरून जा.

ज्यांना एवढा धीर नाही त्यांच्यासाठी झटपट परीक्षा आहे. बादलीत समुद्राचं पाणी घ्या, तुकडे रात्रभर बुडवून ठेवा, दिवसा उन्हात टाका. असे दहा फेरे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक तुकड्याचं वजन पहिल्या नि दहाव्या फेऱ्यानंतर घ्या. जो जास्त जड झाला त्याचा रंग पाणी आत सोडतोय. पण ही परीक्षा शेवाळाबद्दल काही सांगत नाही, त्यामुळे पावसाळ्याला पर्याय म्हणून मी ती धरत नाही, घाईवरचा तोडगा म्हणून धरतो.

पाऊस ओसरला की तुकडे उतरवून नीट बघायला बसा. आधी काळं फडकं प्रत्येकावरून फिरवा. पांढरी भुकटी आली तर रंगातलं चिकटवणारं द्रव्य उन्हानं खाल्लंय. मग ब्लेडनं आडव्या-उभ्या पाच-सहा रेघा मारून चौकटी पाडा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. किती चौकटी पट्टीबरोबर आल्या ते मोजा. शेवटी टोकापाशी आणि स्क्रूपाशी चाकूचं टोक रोवून बघा, लाकूड मऊ लागतंय का ते.

माझ्याकडचा निकाल असा लागला. पारदर्शक व्हार्निश सगळ्यात आधी गेलं. त्यातून ऊन आरपार जातं, खालचं लाकूडच पृष्ठभागाशी सडतं आणि वरचा थर तडकून खाली काळं पडतं. दिसायला मेमध्ये तेच सगळ्यात देखणं होतं. ऑइल पेंट सपाटीवर छान राहिला, पण स्क्रूपाशी आणि उघड्या टोकापाशी फुगला. ॲक्रिलिक सोलला नाही, मात्र सावलीतला तुकडा हिरवागार झाला. स्टेन पश्चिमेला फिका पडला, पण सोलला कुठेच नाही, आणि ह्यातच त्याची मेख आहे. जो रंग वर थर धरतो त्याच्या आत पाणी शिरलं की ते अडकतं नि रंगाला ढकलून बाहेर पडतं. जो मुरतो त्याला सोलायला थरच नसतो. दोन-तीन वर्षांनी धुवायचं, पुसायचं, एक हात मारायचा, खरवडणं नाही. म्हणून कुंपणाच्या पट्ट्यांना मी स्टेन ठरवला आणि बेड्याला, म्हणजे कुंपणाच्या फाटकाला, ऑइल पेंट. बेड्याला रोज हात लागतात, ते पुसून स्वच्छ करावं लागतं, आणि ते लहान असल्यामुळे दरवर्षी डागडुजी परवडते.

काजूचं तेल होड्यांना लावतात म्हणून मी मोठ्या आशेनं आणलं होतं. काळं पडतं, कित्येक दिवस चिकट राहतं आणि कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात. वाळवी मात्र त्या तुकड्याकडे फिरकली नाही. जमिनीत जाणाऱ्या भागासाठी ठीक, तेही रबरी मोजे घालून. खरं तर लाकडी खांब जमिनीत गाडूच नये. सिमेंटच्या ठोकळ्यात लोखंडी पट्टी बसवून त्यावर खांब उभा करावा आणि पट्ट्यांची खालची टोकं जमिनीपासून निदान दोन इंच वर ठेवावी.

रंगछटेबद्दल बायकोशी माझा अजून वाद आहे. तिला पांढरं कुंपण हवं. आमच्याकडे पावसाचा थेंब जांभ्याच्या मातीवर पडला की तांबडा शिंतोडा फूटभर उडतो. जुलैच्या शेवटी पांढऱ्या कुंपणाला तांबडा काठ येतो, लुगड्याला असावा तसा. गेरूच्या जवळपासची तपकिरी छटा घेतली की तो काठ दिसत नाही. फार गडद छटाही नको. पश्चिमेच्या उन्हात गडद लाकूड जास्त तापतं आणि पट्ट्या फाकतात.

आता कुंपण. आधीचा रंग असेल तर तो कुठला ते ओळखा: कापसावर स्पिरिट घेऊन चोळा. रंग मऊ होऊन कापसाला लागला तर पाण्याचा ॲक्रिलिक, ढिम्म राहिला तर बहुधा ऑइल पेंट. तो फार जुना असेल तर जास्त सांभाळा. घरगुती रंगातलं शिसं दशलक्षात ९० भागांच्या आत हवं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते किती होतं ते डब्यावर लिहिलेलं नसायचं. असा रंग कोरडा घासू नका, पाणी मारून ओला घासा, खाली ताडपत्री अंथरा आणि पापुद्रे गोळा करा. गुरं रंग चाटतात, वासरं तर हमखास. पापुद्रे गोठ्याच्या वाटेवर पडू देऊ नका.

काळे डाग दिसले तर कपड्यांच्या ब्लीचचा एक थेंब टाकून दोन मिनिटं थांबा. डाग उडाला तर बुरशी, राहिला तर मळ किंवा लोखंड. बुरशीला पातळ ब्लीचनं धुवा आणि मग साध्या पाण्यानं पुष्कळ. खिळ्यांखालून ओघळलेले निळसर-काळे डाग ऐनासारख्या लाकडात येतात, कारण त्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून शाईसारखं काळं होतं. ते ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यानं जातात. पण ब्लीच आणि ॲसिड एकाच दिवशी, एकाच बादलीत कधीच नको, त्यातून विषारी वायू निघतो. साधे खिळे काढून स्टेनलेसचे स्क्रू बसवलेत तर हे डाग परत यायचे नाहीत.

मग धुणं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असाल तर लाकडावर मीठ असतंच. मीठ हवेतली ओल ओढतं आणि त्यावर चढवलेला रंग खालून सुटतो. विहिरीच्या पाण्यानं वरून खाली धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, लाकडाचे तंतू उभे राहतात. धुतल्यावर निदान चार दिवस कडक उन्हाचे हवेत. आगरवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं: माडांचं शिंपणं. कुंपणालगतच्या माडांना रोज पाणी जात असेल तर लाकडाचं बूड कधी सुकतच नाही. रंगाच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे तीन दिवस तिकडचं पाणी बंद. आमच्याकडे ही सूचना गड्याला मी तीनदा दिली होती, चौथ्यांदा स्वतः पाट बुजवला.

लाकूड सुकलं का, हे हातानं कळत नाही. प्लास्टिकचा वीतभर तुकडा पट्टीवर चारी बाजूंनी टेप लावून सकाळी चिकटवा, दुसऱ्या दिवशी आत घाम दिसला तर थांबा. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, त्यावर १५ टक्क्यांच्या आसपास आकडा चांगला, १८ च्या वर असेल तर डबा उघडू नका. शेवटी पाण्याचे थेंब टाका. शोषले गेले तर लाकूड तयार. मोत्यासारखे उभे राहिले तर जुनं तेल किंवा रंग शिल्लक आहे, परत घासा. पॉलिश पेपर ८० नंबरनं सुरुवात करून १२० वर थांबायचं. त्याहून गुळगुळीत केलं तर स्टेन मुरतच नाही.

रंग किती आणायचा? आमच्या चाळीस फुटांत तीन-तीन इंचांच्या ८० पट्ट्या आहेत, चार फूट उंच. दोन्ही बाजू आणि कडा धरून एका पट्टीचे अडीच चौरस फूट, म्हणजे सगळ्यांचे २००. दोन आडव्या पट्ट्यांचे ६०. दोन हातांचे झाले ५२०. डब्यावर लिहिलेला पसारा गुळगुळीत पृष्ठभागाचा असतो, खडबडीत लाकडाला तो पुरत नाही. मी लिटरला ८० चौरस फूट धरले आणि सात लिटर आणले. तुमचा आकडा नमुन्याच्या तुकड्यावरून काढा: लावण्याआधी आणि नंतर डब्याचं वजन करा. सगळे डबे एकाच बॅचचे घ्या आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या, नाहीतर कुंपणाच्या मध्यावर छटा बदलते.

दिवस निवडताना कॅलेंडरपेक्षा वारा बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी दव असतं, ते सुकायला नऊ-साडेनऊ वाजतात. दुपारपर्यंत जमिनीकडून येणारा मतलई वारा कोरडा असतो. दुपारी खारा वारा सुटला की ओल्या रंगावर मीठ बसायला लागतं. म्हणजे हातात तीन-चार तास. तेवढ्यात होईल तितकंच काम घ्या, सावली ज्या बाजूला असेल ती बाजू आधी, आणि दुपारनंतर ब्रश धुऊन ठेवा. रंगाऱ्याला रोजाची पूर्ण हजेरी द्यावी लागते, त्यामुळे तो संध्याकाळपर्यंत मारू म्हणेल. त्या वेळात त्याला बेडं घासायला द्या. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, त्याआधी ओल्या फडक्यानं पुसून, सुकवून. ऑइल पेंटला तर दीड दिवस थांबा, डब्यावर आठ तास लिहिलेले असले तरी. ते तास कोरड्या हवेचे असतात.

रंग पुसलेल्या तेलकट चिंध्या गोळा करून मांगरात, म्हणजे आगरातल्या खोपटात, फेकू नका. जवसाचं तेल असलेल्या चिंध्या सुकताना आपोआप तापतात आणि पेटतातसुद्धा. गडग्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यानं भरलेल्या डब्यात बुडवा.

उरलेला रंग छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून, वर तारीख आणि छटेचा नंबर लिहून, माळ्यावर. नमुन्यांचे तुकडे सरपणात टाकू नका. ते परत पश्चिमेला टांगा. माझा स्टेनचा तुकडा क्रमांक तीन यंदा चौथा पावसाळा बघतोय, आणि पट्ट्यांना पुढचा हात कधी द्यायचा हे मी त्यालाच विचारतो.