एसी गार होत नाही? ‘गॅस संपला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

स्प्लिट एसीची हवा गार लागेनाशी झाली की घरातल्या प्रत्येकाचं निदान ठरलेलं असतं: गॅस संपला. पण हा गॅस सिलिंडरमधल्या गॅससारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर तो कुठूनतरी गळतोय, आणि ती जागा न शोधता नवा भरला तर तोही त्याच वाटेने जाणार.

मी स्वतः या चुकीचे पैसे मोजलेत. आतल्या युनिटचा वारा मंद झाला, तासाभराने भिंतीवरून पाणी ओघळायला लागलं. मेकॅनिकने ‘गॅस कमी आहे’ म्हणून भरून दिला. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी झाकण उघडलं तर जाळीवर धुळीची गोधडी आणि मागे कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या नळ्या-पत्र्यांच्या जाळ्यावर, पांढराशुभ्र बर्फ! जाळी तुंबली की कॉइलवरून हवा पुरेशी जात नाही, कॉइल शून्याखाली उतरते, त्यावरचं दव गोठतं आणि तो बर्फ उरलीसुरली हवाही अडवतो. गोची अशी की गॅस कमी असला तरीही बर्फच धरतो. म्हणून बर्फ दिसला एवढ्यावरून काहीच ठरवू नका. तो सुरीने खरवडू नका, कॉइलच्या पत्र्या वाकतात आणि नळीला भोकही पडू शकतं. फॅन मोडवर ठेवून वितळू द्या, जाळी धुऊन वाळवा, मग एसी लावा. जाळी, कॉइल आणि ब्लोअर (आतल्या युनिटचा पंखा) स्वच्छ असूनही बर्फ परतला, तर मात्र गळतीचा संशय घ्या. बाहेरच्या युनिटला तांब्याच्या नळ्या जिथे नटांनी जोडलेल्या असतात तिथे तेलकट डाग दिसतो का पाहा. गॅससोबत कॉम्प्रेसरचं, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं, तेलही झिरपतं.

हाताला गार लागतंय की नाही हे मोजमाप नव्हे. सेटिंग सगळ्यात खाली, पंखा फुल, आणि पंधरा-वीस मिनिटांनी आतल्या युनिटमध्ये शिरणाऱ्या व त्यातून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान थर्मामीटरने घ्या. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर मशीन आपलं काम करतंय. तरी खोली गार होत नसेल, तर ती त्याच्या ताकदीपेक्षा मोठी असेल किंवा दारं-खिडक्यांतून गरम हवा येत असेल. आणि हो, रिमोट चुकून फॅन मोडवर नाही ना, हेही बघा. हसू नका, होतं असं.

कॉम्प्रेसर लगेच सुरू झाला नाही म्हणून पुन्हा पुन्हा बंद-चालू करणारेही असतात. बंद केल्यावर साधारण तीन मिनिटं तो मुद्दाम थांबवून ठेवलेला असतो. थांबूनही साध्या, म्हणजे इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारी यंत्रणा) नसलेल्या एसीत नुसती ‘घूंऽऽ’ आणि मग ‘टक्’ असं चाललं असेल, तर बऱ्याचदा कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू व्हायला जोर देणारा विजेचा भाग, गेलेला असतो. तो स्वतः बदलायला जाऊ नका, मेन स्विच बंद केला तरी त्यात करंट साठलेला राहतो.

पाणी गळण्यामागे बहुतेक वेळा ड्रेन पाइपच असतो: शेवाळ, मध्येच वर गेलेला बाक, किंवा बादलीतल्या पाण्यात बुडालेलं टोक.

गॅस खरंच भरायची वेळ आली तर मेकॅनिकला दोन गोष्टी विचारा: व्हॅक्यूम करणार का (म्हणजे आधी नळ्यांतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढणार का), आणि गॅस वजन करून भरणार का. आर-३२ आणि आर-४१०ए या गॅसचं प्रेशर जुन्या आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतं. शिवाय इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर वेग बदलत राहतो, त्यामुळे नुसत्या प्रेशर मोजणाऱ्या गेजच्या काट्यावर भरलेला गॅस अंदाजपंचेच. किती भरायचा ते बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर ग्रॅम किंवा किलोत छापलेलं असतं.

डिस्प्लेवर कोड आला किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकायला लागला, तर स्विच बंद करण्याआधी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. मेकॅनिक येईपर्यंत तो कोड तिथे असेलच असं नाही.